आतड्याचा कर्करोग : चाळणी आणि शस्त्रकर्म

देहातील बहुतेक कर्करोग आपल्या आगमनाची वर्दी देत नाहीत, आणि दिली तरी ती वर्दी व प्रत्यक्ष संकट यांत फारसे अंतर उरलेले नसते. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग मात्र या बाबतीत निराळा आहे. आतड्याच्या अंतस्त्वचेवर प्रथम एखादा लहानसा, निरुपद्रवी मांसांकुर उगवतो, ज्याला वैद्यक व्यवसायात पॉलिप म्हणतात. आणि अशा अनेक अंकुरांपैकी थोडेच, तेही बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या अवधीने, कर्करोगाचे रूप धारण करतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स या विकृतिशास्त्रज्ञाने १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाच्या अवस्थांची जी वर्गवारी लावून दिली ती पुढे कित्येक दशके जगभर प्रमाण मानली गेली. त्याच रुग्णालयातील बेसिल मॉर्सन यांनी अंकुरापासून कर्करोगापर्यंतचा क्रम सूक्ष्मदर्शकाखाली पारखून मांडला. आणि १९८८ साली बाल्टिमोरच्या बर्ट व्होगेलस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्रमाच्या एकेका पायरीवर कोणकोणते जनुकीय बिघाड साचत जातात ते दाखवून दिले. रोग जडण्यापूर्वीच त्याचे बीज खुडून टाकावे, अशी संधी कर्करोगाच्या शास्त्रात फार थोड्या ठिकाणी लाभते, आणि गेल्या अर्धशतकातील या विषयावरचे बहुतेक संशोधन ही संधी साधावी कशी या प्रश्नाभोवतीच फिरत आले आहे.

प्रश्नाचे दोन भाग पडतात. निरोगी दिसणाऱ्या माणसांतून रोगी निवडून काढणे, ज्याला आपण चाळणी तपासणी म्हणतो, हा एक. आणि सापडलेला रोग शस्त्राने समूळ काढणे हा दुसरा. पहिला भाग सार्वजनिक आरोग्याच्या दप्तरात जमा असतो आणि दुसरा शल्यगृहात, त्यामुळे दोहोंचा विचार एकत्र क्वचितच होतो. परंतु दोन्हीकडचे पुरावे शेजारी ठेवून वाचले असता असे दिसते की, कोणते साधन वापरले या गोष्टीला जितके महत्त्व दिले जाते तितके ते नाही. ते साधन चालवणारा हात कितपत तयार आहे, आणि त्या हाताच्या कामाचा हिशेब कोणी ठेवतो आहे की नाही, यावर माणसांचे प्राण अधिक अवलंबून राहिलेले आहेत. प्रस्तुत लेखात हेच सप्रमाण मांडण्याचा हेतू आहे.

चाळणीचे सर्वांत जुने साधन अत्यंत साधे आहे. डोळ्यांना न दिसणारे रक्त ग्वायॅक नावाच्या झाडाच्या राळेने ओळखता येते हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. १९६७ च्या सुमारास डेव्हिड ग्रीगर या अमेरिकन वैद्याने त्या राळेचा लेप दिलेल्या कागदी पट्ट्या रुग्णांच्या घरी देऊन त्यांवर मलाचा नमुना मागवण्यास प्रारंभ केला. युक्ती स्वस्त होती, पण तिने खरोखर कोणी वाचते का, हे ठरवणे सोपे नव्हते. चाळणीत सापडलेले रुग्ण इतरांपेक्षा अधिक वर्षे जगतात एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कारण रोग लवकर कळला की मृत्यूची तारीख तीच राहूनही रोगी म्हणून जगल्याची वर्षे वाढलेली दिसतात, मंदगतीचे रोग चाळणीत अधिक अडकतात, आणि तपासणीला आपण होऊन येणारी माणसे मुळातच प्रकृतीची अधिक काळजी घेणारी असतात. हे तिन्ही भ्रम टाळायचे तर चिठ्ठ्या टाकून माणसांचे गट पाडावे, एका गटाला तपासणी द्यावी, दुसऱ्याला देऊ नये, आणि मग दहा-पंधरा वर्षे दोन्ही गटांतील मृत्यू मोजत बसावे, याखेरीज मार्ग नव्हता. असे काम करणाऱ्यांच्या चिकाटीची आपण पुरेशी कदर करत नाही असे मला वाटते.

ते काम प्रथम अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पुरे झाले. ४६,५५१ माणसांच्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला: दरवर्षी मलपरीक्षा झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले होते. तथापि तेथे पट्ट्या पाण्याने ओलावून तपासल्यामुळे खोट्या होकारांची संख्या वाढली होती, आणि दरवर्षी तपासल्या गेलेल्यांपैकी जवळजवळ ३८ टक्के लोकांना केव्हा ना केव्हा दुर्बिणीची तपासणी घडली होती. तेव्हा श्रेय पट्टीचे की दुर्बिणीचे, हा वाद काही काळ चालला. १९९६ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधील फ्यून येथील दोन प्रयोगांनी तो बहुतांशी मिटवला. दर दोन वर्षांनी, पट्ट्या न ओलावता केलेल्या त्या तपासण्यांत मृत्यूंची घट अनुक्रमे १५ आणि १८ टक्के भरली. घट लहान, पण खरी. नंतर जपानी संशोधकांनी पुढे आणलेल्या, केवळ मानवी रक्तातील प्रथिन ओळखणाऱ्या परीक्षेने राळेची जागा घेतली. राळेच्या पट्टीला मांसाहार आणि मुळ्या-सलगमासारख्या भाज्याही फसवत असत. या नव्या परीक्षेला, जिला आता सर्वत्र फिट या नावाने ओळखतात, आहाराचे पथ्य लागत नाही, नमुना एकदाच द्यावा लागतो, आणि रक्ताची मात्रा अंकांत मिळत असल्यामुळे किती मात्रेवर माणसाला दुर्बिणीकडे पाठवावे याची रेषा प्रत्येक देशाला आपल्या ऐपतीप्रमाणे आखता येते. ही ऐपतीची रेषा फार बोलकी आहे. नेदरलँड्सने २०१४ साली कार्यक्रम सुरू करताना रेषा खाली ठेवली, अपेक्षेहून अधिक लोक दुर्बिणीच्या रांगेत आले, आणि थोड्याच महिन्यांत ती वर उचलावी लागली. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या रेषा तर एकाच बेटावर असून भिन्न ठेवल्या गेल्या.

दुसरा मार्ग थेट पाहण्याचा. विल्यम वोल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे लवचीक दुर्बिणीतून तारेच्या फाशाने अंकुर कापून काढण्याची पद्धत रूढ केली, आणि निदान व उपचार एकाच बैठकीत होऊ लागले. आतड्याचा केवळ शेवटचा भाग पाहणाऱ्या आखूड दुर्बिणीचा मोठा प्रयोग वेंडी ॲटकिन या विदुषीने ब्रिटनमध्ये चालवला. ५५ ते ६४ वयाच्या १,७०,४३२ माणसांवरील त्या प्रयोगाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात, आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने रोगाची उत्पत्तीच २३ टक्क्यांनी आणि त्याचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मलपरीक्षेच्या प्रयोगांनी मुख्यत्वे मृत्यू कमी केले होते. येथे रोगच कमी झाला, म्हणजे अंकुर खुडल्याचा परिणाम आकड्यांत उमटला.

मग संपूर्ण आतडे पाहणाऱ्या कोलोनोस्कोपीने याच्या कितीतरी पट लाभ व्हावा, अशी समजूत झाली असल्यास नवल नाही, आणि अमेरिकेत तर ती समजूत पुराव्याची वाट न पाहता व्यवहारात उतरली. पुरावा आला तो २०२२ साली, पोलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतील ८४,५८५ माणसांच्या प्रयोगातून. निमंत्रितांपैकी प्रत्यक्ष तपासणीला आले ते ४२ टक्के. दहा वर्षांत निमंत्रित गटात रोगाचे प्रमाण ०.९८ टक्के आणि इतरांत १.२० टक्के भरले. म्हणजे उत्पत्ती १८ टक्क्यांनी घटली, परंतु मृत्यूंतील फरक, ०.२८ आणि ०.३१ टक्के, निर्णायक म्हणावा असा नव्हता. एक रोगी टाळण्यासाठी ४५५ माणसांना निमंत्रण द्यावे लागले. या आकड्यांवरून वृत्तपत्रांत कोलोनोस्कोपी निरुपयोगी ठरल्याची हाकाटी झाली, ती अन्यायाची होती. ज्यांनी तपासणी करून घेतली तेवढ्यांचाच हिशेब केला असता उत्पत्ती ३१ टक्क्यांनी आणि मृत्यू निम्म्याने घटलेले दिसत होते. अर्थात हा दुसरा हिशेब आपण होऊन आलेल्या, जात्याच सावध माणसांचा असल्यामुळे त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. माझ्या मते या प्रयोगाचा खरा बोध ४२ या आकड्यात आहे. २०२५ साली स्पेनमधील प्रयोगाने त्याला पुष्टी दिली: दर दोन वर्षांनी फिट परीक्षेला बोलावलेले लोक दुर्बिणीला बोलावलेल्यांपेक्षा अधिक संख्येने आले, आणि दहा वर्षांअखेर मृत्यूंच्या बाबतीत साधी मलपरीक्षा महागड्या दुर्बिणीहून उणी ठरली नाही. कॅलिफोर्नियातील कैसर या आरोग्यसंस्थेने तर फिटच्या नळ्या दरवर्षी टपालाने घरोघर धाडून तपासलेल्यांचे प्रमाण २००० सालच्या ३८.९ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत ८२.७ टक्क्यांवर नेले, आणि त्या काळात तेथील या रोगाचे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

आता हाताकडे वळू. त्याच कैसर संस्थेतील ३,१४,८७२ कोलोनोस्कोप्यांची २०१४ साली छाननी झाली तेव्हा असे निष्पन्न झाले की, १३६ तज्ज्ञांपैकी कोणाला शंभरात सात माणसांत अंकुर सापडत होते, तर कोणाला पन्नासांहून अधिक माणसांत. यंत्रे तीच, रुग्ण बहुतांशी तसेच. फरक पाहणाऱ्यात होता. आणि हा फरक केवळ शैलीचा नव्हता: अंकुर सापडण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की पुढे त्या रुग्णांना कर्करोग होण्याची शक्यता तीन टक्क्यांनी घटत होती. त्याआधी २००६ साली इलिनॉय राज्यातील एका वैद्यसमूहाने दाखवले होते की, दुर्बीण बाहेर काढताना सरासरी सहा मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ घेणाऱ्यांना घाई करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक वेळा अंकुर आढळतात. सहा मिनिटांची सबुरी एवढे मोल राखून आहे, हे कोणत्या यंत्राच्या जाहिरातीत लिहिलेले नसते. अलीकडे संगणकीय बुद्धिमत्ता पडद्यावर अंकुराभोवती चौकट काढून दाखवते आणि शोधाचे प्रमाण वाढवते. परंतु २०२५ साली पोलंडमधील चार केंद्रांतून आलेला वृत्तांत चिंता वाढवणारा आहे. तेथील वैद्यांना या साहाय्याची सवय झाल्यानंतर त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत अंकुर सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर उतरलेले आढळले. डोळ्याचा सराव मोडला की तो किती लवकर मोडतो, याचा हा दाखला पुढील काळात वारंवार आठवावा लागेल.

शस्त्रकर्माचा इतिहास याहून जुना, आणि त्यात मानवी यातनेचा भाग मोठा. विसाव्या शतकाच्या आरंभी गुदाशयाचा कर्करोग खालच्या बाजूने कोरून काढीत. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी आपल्या अशा ५७ रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा ५४ जणांत रोग परतलेला होता. शल्यवैद्याने स्वतःच्या अपयशाची एवढी स्वच्छ मोजणी करून ती जगासमोर मांडावी, हे मला त्यांच्या शस्त्रक्रियेइतकेच थोर वाटते. त्या मोजणीतूनच त्यांनी १९०८ साली पोटातून आणि खालून असे दोन्हीकडून गुदाशय समूळ काढून टाकण्याची क्रिया सिद्ध केली. रोग परतणे कमी झाले, पण रुग्णाला जन्मभर पोटावर शौचमार्ग वागवावा लागू लागला. आपल्याकडे ज्याला नुसते पिशवी म्हणतात ते जिणे हजारोंच्या वाट्याला आले. पुढे वरचे टोक व खालचे टोक पुन्हा जोडण्याच्या क्रिया आल्या, टाचणयंत्रे आली, आणि पिशव्या घटल्या. तरीही एक कोडे सुटेना: निष्णात समजल्या जाणाऱ्या शल्यवैद्यांच्या रुग्णांतही कटिभागात रोग परतण्याचे प्रमाण कित्येक ठिकाणी पंचवीस-तीस टक्के राही, आणि तसा परतलेला रोग मरणापूर्वी जे हाल करी ते पाहणाऱ्यालाही असह्य होत.

इंग्लंडमधील बेसिंगस्टोक या आडगावच्या म्हणाव्या अशा रुग्णालयातील बिल हील्ड यांनी १९८२ साली या कोड्याचे उत्तर दिले. गुदाशयाभोवती मेदाचे एक वेष्टन असते, त्यातच त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसीकाग्रंथी असतात, आणि कर्करोगाचे सूक्ष्म कण प्रथम त्या वेष्टनातच पसरतात. शल्यवैद्य तोवर बोटांनी, अंदाजाने, हे वेष्टन फाडून गुदाशय बाहेर काढीत. तेव्हा रोगाचे अवशेष आत राहत. हील्ड यांचे म्हणणे इतकेच की, वेष्टनाच्या बाहेर गर्भावस्थेतील घडणीमुळे जो रक्तहीन पदर निसर्गानेच ठेवला आहे, त्या पदरातून, डोळ्यांनी पाहत, धारदार शस्त्राने, वेष्टन अभंग राखून सारा भाग काढावा. त्यांच्या रुग्णांत रोग परतण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. प्रथम कोणाचा विश्वास बसला नाही, आणि निवडक रुग्ण घेतल्याचा आरोपही झाला. पण लीड्सच्या फिल क्वर्क यांनी काढलेल्या भागाच्या पातळ चकत्या करून दाखवले की, कडेला रोग उरला असेल तर तो परततो. म्हणजे शल्यवैद्याच्या कामाची रुजुवात आता विकृतिशास्त्रज्ञाच्या मेजावर होऊ लागली. पुढे स्टॉकहोममध्ये साऱ्या जिल्ह्यातील शल्यवैद्यांना प्रात्यक्षिकांसह ही क्रिया शिकवली गेली, आणि तेथे दोन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण १४-१५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, कायमच्या पिशवीची शस्त्रक्रिया ५५-६० टक्के रुग्णांऐवजी २७ टक्के रुग्णांना करावी लागली. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. एका कुशल हाताची रीत इतर हातांना शिकवली गेली आणि तिचा हिशेब ठेवला गेला. २००१ साली डच संशोधकांनी १,८६१ रुग्णांवर दाखवले की, अशा उत्तम शस्त्रक्रियेच्या आधी पाच दिवस किरणोपचार दिल्यास दोन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण ८.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर जाते.

यानंतरच्या पुष्कळशा नवलाईबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल. छिद्रातून केलेली शस्त्रक्रिया मोठ्या आतड्याच्या कर्करोगात उघड्या शस्त्रक्रियेइतकीच सुरक्षित असल्याचे २००४ पासूनच्या प्रयोगांनी ठरवले. रुग्ण लवकर उठतो हा तिचा लाभ. यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रियेचे परिणाम सुधारतात असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत दिसले नाही. खरे क्रांतिकारक पाऊल निराळेच, शस्त्र खाली ठेवण्याचे. साओ पाउलो येथील अँजेलिटा हाब्र-गामा यांनी किरणोपचार व औषधांनी गुदाशयातील गाठ पूर्णपणे विरघळलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता काटेकोर पहारा ठेवला, आणि २००४ साली आपले अनुभव मांडले. त्या वेळी त्यांच्यावर टीकेची झोड उठली, आज तीच रीत निवडक रुग्णांसाठी मान्य झाली आहे. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये एका विशिष्ट जनुकीय बिघाडाच्या १२ रुग्णांची गाठ केवळ प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाने नाहीशी झाली. असे रुग्ण शंभरात पाच-दहाच असतात हे लक्षात ठेवूनही ही वार्ता असामान्य म्हणावी लागेल. रक्ताच्या नमुन्यातून चाळणी करण्याच्या परीक्षेलाही अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. ती शंभरातले त्र्याऐंशी कर्करोग ओळखते, पण घातक होऊ घातलेले अंकुर शंभरातले तेराच. जिचा सारा भरवसा अंकुर खुडण्यावर आहे त्या चाळणीला हे उणेपण परवडणारे नाही.

हे सर्व आपल्याकडे जसेच्या तसे आणावे काय? माझे उत्तर तूर्त नकारार्थी आहे. पाश्चात्त्य देशांत लाख लोकसंख्येमागे वर्षाला तीस-चाळीस नवे रुग्ण निघतात, भारतात पाचाच्या आसपास. एक लाख निरोगी माणसांची मलपरीक्षा करून त्यांतल्या पाच हजारांना दुर्बिणीकडे धाडायचे, तर तेवढे सरावलेले हात जिल्ह्याच्या ठिकाणी आज नाहीत. आणि वर सांगितल्याप्रमाणे न सरावलेल्या हाताची दुर्बीण खोटा दिलासा देते. सरकारी चाळणीच्या कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख हेच तीन कर्करोग घेतले आहेत, ते योग्यच आहे. परंतु देश मोठा असल्यामुळे प्रमाण लहान असूनही वर्षाला सुमारे ७०,००० नवे रुग्ण होतात, आणि त्यांचे स्वरूप पश्चिमेहून वेगळे आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय अवघे ४७ आढळले, गुदाशयाचे रुग्ण अधिक, आणि अतिशय आक्रमक जातीच्या गाठींचे प्रमाणही अधिक. पन्नाशीनंतरची चाळणी यांच्यापैकी निम्म्यांच्या वाट्याला आलीच नसती.

म्हणून आपला प्रश्न निरोग्यांतून रोगी शोधण्याचा नाही, समोर येऊन उभ्या राहिलेल्या रोग्याला ओळखण्याचा आहे. एस.टी. स्थानकाबाहेरच्या भिंती मूळव्याध व भगंदर यांवरील हमखास इलाजाच्या पाट्यांनी भरलेल्या असतात, आणि शौचावाटे रक्त पडले की ती मूळव्याधच, ही समजूत घराघरांत आहे. लाजेपोटी स्त्रिया तर ही तक्रार नवऱ्याजवळही काढत नाहीत. लाजेचा हा अडसर देश सोडला तरी सुटत नाही: इंग्लंडच्या चाळणीच्या आरंभीच्या प्रयोगात दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांपैकी साधारण एकतृतीयांशांनीच नमुना परत पाठवला होता, इतरांपैकी तीनपंचमांशांनी. गुदाशयाच्या खालच्या भागातील बहुतेक गाठी हातमोजा घातलेल्या बोटाला लागतात. त्या तपासणीला ना वीज लागते ना पैसा. ब्रिटनमध्ये २०२२ पासून पोटाच्या अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांनाही आधी फिट परीक्षा देऊन कोणाला तातडीने दुर्बीण लावायची ते ठरवतात. हा वापर आपल्या ग्रामीण रुग्णालयांना चाळणीपेक्षा कितीतरी अधिक सोयीचा आहे. आणि येथे संशोधन होऊ शकत नाही असे कोणी म्हणू नये: बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर केलेला गर्भाशयमुखाच्या चाळणीचा प्रयोग २००९ साली जगाला प्रमाण ठरला. ज्या खेड्यांतून ते काम झाले त्याच खेड्यांतून, रक्त पडणाऱ्या रुग्णांना बोटाची तपासणी आणि फिट दिल्याने रोग किती आधीच्या अवस्थेत सापडतो, हे पाहता येईल.

सबब मागणी लहान आहे. शौचावाटे रक्त पडण्याची तक्रार घेऊन आलेल्या कोणत्याही वयाच्या माणसाला बोटाने तपासल्यावाचून मूळव्याधीचे औषध कोणाही वैद्याने लिहून देऊ नये. ज्याच्या आई-बापाला किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला त्याने चाळिशीला, अथवा त्या नातलगाच्या रोगाच्या वयाआधी दहा वर्षे, दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. आणि गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने किती जणांचे वेष्टन अभंग निघाले, किती जणांत रोग परतला आणि किती जणांना कायमची पिशवी लागली, याची वही ठेवून ती दरवर्षी आरोग्यखात्याकडे दाखल करावी, असा नियम शासनाने करावा.